चाळीस ग्रॅमची मासवडी

प्राजक्ताने मला एक साधा काटा आणायला सांगितला होता, हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. ओट्यावर ठेवायचा, वर पातेलं ठेवलं की आकडा दाखवणारा, बॅटरीवर चालणारा स्वयंपाकघरातला काटा. 'साधा' हा शब्द तिने दोनदा उच्चारला. दुसऱ्यांदा जरा सावकाश. बावीस वर्षांच्या संसारात तिला माझी पुरती ओळख पटलेली आहे, तरीही हे काम तिने मलाच सांगितलं, यात माझा दोष नाही.

झालं असं, की आमच्या चाकणच्या कंपनीत कँटीन चालवणाऱ्या सुरजने एका दुपारी माझ्या डब्यातली मासवडी उचलून तोंडात टाकली आणि तो अर्धं मिनिट काही बोललाच नाही. सुरज अर्धं मिनिट गप्प बसलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मग त्याने बोटं चाटली आणि म्हणाला, "सर, वहिनी तीस प्लेटा करून देतील? पुढच्याच्या पुढच्या शनिवारी. ट्रायल म्हणून. पोरांना आवडलं तर दर शनिवारी ऑर्डर पक्की." जाता जाता त्याने एकच अट घातली. प्लेटीत चार वड्या, आणि प्रत्येक वडी चाळीस ग्रॅमचीच. मागच्या महिन्यात बटाटेवड्यांच्या आकारावरून जनरल शिफ्टमध्ये बाचाबाची झाली होती. एका फिटरने स्वतःचा आणि शेजाऱ्याचा वडा व्हर्नियरने मोजून लेखी तक्रार दिली होती. चाकणच्या माणसाला उपाशी ठेवलेलं एक वेळ चालेल, पण शेजाऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी दिलेलं चालत नाही.

प्राजक्ता चाकणकडच्याच एका गावातली. तिकडे पाहुणा आला की मासवडी होते. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तिळाचं सारण भरायचं, घडी घालून वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्याबरोबर वाढायच्या. तिने आजवर अर्ध्या रहाटणीला मासवडीचे डबे पाठवलेत. डबे धुऊन परत येतात, कधी त्यात चार लिंबं येतात, आणि 'छान झाली होती हं' असा निरोप येतो. पण कुणी मागून, ठरवून, तिच्या नावाने काही घेतलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. मी बातमी सांगितली तेव्हा ती हातातली कोथिंबीर घेऊन खुर्चीवर बसली. "खरंच म्हणाला?" असं तिने तीनदा विचारलं. मग म्हणाली, "सगळं येतं मला. फक्त वजन कळायला हवं. एक साधा काटा आणा."

आता माझ्याविषयी थोडं. मी गेली चोवीस वर्षं कंपनीच्या गेज रूममध्ये आहे. कंपनीतली मोजायची साधनं बरोबर मोजतात की नाही, हे जिथे मोजलं जातं ती ही खोली. बाहेर प्रेस मशिनांचा दणदणाट चालू असतो आणि आत वीस अंशांवर सगळं निवांत. दार बंद केलं की वेळही जरा हळू चालतो. मी तिथे तासन् तास शून्याकडे बघत बसलेलो आहे. काटा शून्यावर येताना आधी थोडा पुढे जातो, मग मागे येतो, आणि मग थांबतो. त्या थांबण्यात जी शांतता आहे ती मला दुसरीकडे कुठेही मिळालेली नाही. अशा माणसाला काटा आणायला सांगितला गेला होता.

पहिला सल्ला आमच्या बिल्डिंगचे मालक लक्ष्मणराव यांचा. रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातले. जिथे त्यांची ज्वारी डुलायची तिथे आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर डुलत असतो. खालच्या गाळ्यात त्यांची सून तनुजा भांड्यांचं दुकान चालवते.

"आरं भाऊ, काटाच ना? दुकानात पाच-सहा पडल्यात. एक उचल, सेल घाल, जा घरी."

"त्यांची अचूकता किती आहे?" मी विचारलं.

"म्हंजी?"

"म्हणजे चूक किती दाखवतो."

"नवा हाय त्यो. चुकंल कशाला?" लक्ष्मणराव म्हणाले. "आमी आख्खं वावार पावलांनी मोजून वाटून घेतलं, तवा न्हाई कुनी अचूकता इचारली."

मी त्यांच्याकडे पाहून हसलो. ते हसणं जरा दयेचं होतं, हे आज आठवलं की कान गरम होतात.

दुसरा सल्ला समोरच्या फ्लॅटमधल्या कुलदीपचा. तो हिंजवडीला जातो आणि उरलेल्या वेळात रिव्ह्यू वाचतो. "काका, दुकानातून काय घेताय? आता मोबाइलला जोडायचे काटे येतात. कांदा ठेवला की कॅलरी सांगतो." त्याने मला रिव्ह्यू कसे वाचायचे ते शिकवलं. पाच तारेवाल्यांवर विश्वास ठेवायचा नाही, एक तारेवाले मन लावून वाचायचे. मी वाचत गेलो आणि गुंतत गेलो. नागपूरच्या कुणा बाईंनी लिहिलं होतं, 'मी मध्येच दार उघडायला जाते तेवढ्यात बंद पडतो. परत सगळं पहिल्यापासून.' मला त्या बाईंविषयी फार वाटलं. दारात कोण आलं असेल? परत आल्यावर पिठाचं काय केलं असेल त्यांनी?

सांगायचं म्हणजे, यातून मला काट्याची निवड हा विषय कळला. पाच किलोपर्यंत तोलणारा हवा, कारण परातच दीड किलोची असते. एका ग्रॅमपर्यंत फरक कळायला हवा. भांडं ठेवून बटण दाबलं की आकडा शून्य व्हायला हवा, म्हणजे भांड्याचं वजन डोक्यात वजा करत बसावं लागत नाही. आकडे परातीखाली झाकले जाता कामा नयेत. बटण ओल्या हाताने दाबता यायला हवं. इथवर मी शहाणा होतो. पण मग मी तेवीस प्रश्नांचा तक्ता केला आणि अकरा काट्यांना गुण देऊ लागलो.

सकाळी साडेसहाला काळेवाडी फाट्यावर कंपनीची बस पकडतो. भोसरी मागे पडली की डोळे मिटतात. त्या दिवसांत मला स्वप्नातही काटाच दिसायचा. नाशिक हायवे म्हणजे एक लांबच लांब काचेचा काटा झालेला असायचा. त्यावरून कंटेनर, टेम्पो, शेअर रिक्षा, हेल्मेट घातलेली पोरं सगळी सावकाश चाललेली. मग कुणीतरी आकाशातून बोट लावून ते शून्याचं बटण दाबायचं आणि सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं होतं तिथेच राहून शून्य व्हायचं. कंटेनरवाला खाली उतरून आळस द्यायचा. मोशीच्या पुढे बसने ब्रेक मारला की माझं डोकं समोरच्या सीटवर आपटायचं आणि हायवे पुन्हा जड व्हायचा.

पहिला काटा रविवारी आला. तो काड्यापेटीएवढा निघाला. चूक माझीच. अचूकतेच्या रकान्यात मी इतके गुण ठेवले होते, की सोनाराकडे वापरतात तो काटा पहिला आला होता. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचा आणि वर जास्तीत जास्त दोनशे ग्रॅम मावायचे. पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा हलायचा, म्हणून मी पंखा बंद केला. मग माझ्या श्वासाने हलू लागला, म्हणून मी श्वास धरला.

ती दुपार मी विसरणार नाही. मी एक तमालपत्र तोललं. शर्टाचं बटण तोललं. मग एक तीळ ठेवला. आकडा हलला नाही. दुसरा ठेवला, तरी शून्यच. तिसरा ठेवला तेव्हा कुठे शेवटचा आकडा एकने पुढे सरकला. म्हणजे पहिले दोन तीळ होते आणि नव्हतेही. मी त्या दोन तिळांचा बराच वेळ विचार करत बसलो.

प्राजक्ता परात घेऊन आली. "यावर ही ठेवायची कशी?"

"एकशेवीस वड्यांत तीळ किती लागतील, कल्पना आहे तुला?"

ती परात घेऊन परत गेली. जाताना तिने पंखा लावला आणि तीळ उडाले.

तो काटा परत पाठवून मी दुसरा मागवला. मंगळवारी संध्याकाळी तो आला, आणि तो मात्र सर्वगुणसंपन्न होता. रुंद काच, मोठे आकडे, पाच किलो, एक ग्रॅम. मी त्यावर तळहात ठेवून पाहिला. दोनशे, साडेचारशे, तीनशे दहा. आपल्याच हाताचं वजन करता येत नाही, कारण तो किती टेकवायचा हे आपणच ठरवत असतो. हे लक्षात आल्यावर मी कुणाला तरी सांगायला वळलो, तर प्राजक्ता समोरच उभी होती.

"छान आहे," ती म्हणाली. "द्या इकडे."

कुठल्याही शहाण्या नवऱ्याने तो तिथेच देऊन टाकला असता. शनिवार चार दिवसांवर आला होता. पण मी म्हणालो, "उद्या एकदा गेज रूममध्ये तपासून आणतो. मग निर्धास्तपणे वापर." माझ्या हातून न तपासलेला काटा तिच्या पहिल्या ऑर्डरला लागावा, हे मनाला पटेना. एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवा.

बुधवारी गेटवर वॉचमनने डब्याची पिशवी उघडायला लावली आणि रजिस्टरमध्ये 'मोजमाप उपकरण, एक' अशी नोंद केली. मला बरंच वाटलं. सगळं रीतसर होत होतं. गेज रूममध्ये मी प्रमाणित वजनं काढली, हातमोजे घातले आणि चाळीस ग्रॅम ठेवले. काट्याने एक्केचाळीस दाखवले. पुन्हा ठेवले. एक्केचाळीस. शंभराला एकशेएक. काटा प्रामाणिक होता, पण ठरलेला एक ग्रॅम जास्त बोलायचा.

यापुढे जे झालं ते हाताच्या सवयीने झालं. चोवीस वर्षं चुकीचं साधन दिसलं की मी रजिस्टरमध्ये लिहितो, लाल टॅग काढतो आणि चिकटवतो. भानावर आलो तेव्हा माझ्या बायकोच्या काट्यावर 'नापास. वापरू नये' असा टॅग होता आणि खाली माझी सही होती. लाल टॅगची वस्तू कुलूप लावलेल्या जाळीच्या कपाटात जाते. जाळीतून बाहेर काढायला चार सह्या लागतात. हा नियम मीच केलेला आहे.

"तुमचाच काटा आहे, मान्य," स्टोअरचा रोहिदास मला समजावत होता. "पण सर, आत येताना नुसतं उपकरण म्हणून आलाय. घरचा आहे असं कुठं लिहिलंय? लाल टॅगची वस्तू गेटबाहेर गेली तर उद्या मला विचारतील ना, राव. चार सह्या आणा, लगेच देतो."

"कुणाकुणाच्या?"

"पहिली तुमची."

ती मी लगेच केली. दुसरी त्याची, तीही झाली. तिसरे साहेब मीटिंगमध्ये होते आणि चौथे गुजरातच्या प्लांटला.

गुरुवारी बाहेरून ऑडिटर आले. सगळ्या खोल्यांत फिरून ते नेमके जाळीसमोर थांबले. "हा काटा यादीत नाही. कुठल्या विभागाचा?" मी घरचा म्हणालो असतो तर घरची वस्तू कंपनीच्या जाळीत कशी, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "कँटीनचा." ऑडिटरनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत माझ्या काट्याला कंपनीचा नंबर मिळाला, आणि लाल टॅगच्या जागी पिवळा आला, 'सवलतीवर मान्य. फक्त खाद्यपदार्थांसाठी.' त्या टॅगवर मला पुन्हा सही करावी लागली. सुरज येऊन काटा बगलेत मारून घेऊन गेला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. काटा आता माझा नाही, दुसरा मागवला तर सोमवारी येणार, आणि परवा तुझी ऑर्डर. मला खरोखर वाईट वाटत होतं. एवढी एकच गोष्ट तिने मागितली होती आणि ती मी जिथून परत मिळत नाही अशा ठिकाणी स्वतःच्या सहीने ठेवून आलो होतो.

प्राजक्ता शांतपणे लसूण सोलत होती. "राहू द्या," ती म्हणाली. "करीन मी अंदाजाने."

"चाळीस ग्रॅम अंदाजाने?"

"बघू या."

दुःख फार झालं की माणूस असा शांत होतो, असं मला वाटलं. मी तिला पाणी आणून दिलं.

शनिवारी सकाळी लवकर सुरजची गाडी येऊन डबे घेऊन गेली. पावणेबाराला मी कँटीनमध्ये पोचलो तेव्हा सुरज माझाच काटा पुढ्यात घेऊन बसला होता. पलीकडे जनरल शिफ्टची रांग, आणि रांगेत सर्वांत पुढे तो व्हर्नियरवाला फिटर. सुरजने पहिली वडी ठेवली. एक्केचाळीस. दुसरी. एक्केचाळीस. पाचवी, आठवी, अकरावी, सगळ्या एक्केचाळीस. रांग मान लांब करून बघू लागली.

"सर, वहिनी एक ग्रॅम जास्तच देतात!" सुरज खुशीत आला.

मी गप्प बसू शकलो असतो. पण मोजमापाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललेलो नाही, ऑडिटरचा एक प्रसंग सोडला तर. मी म्हणालो, "सुरज, हा काटा एक ग्रॅम जास्त दाखवतो."

सुरजने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बरोबर चाळीस? सगळ्या? कशावर केल्या वहिनींनी?"

"हाताने," मी म्हणालो, आणि माझे डोळे भरून आले.

व्हर्नियरवाल्या फिटरने वडी उचलली, खाल्ली आणि काही न मोजता रश्श्यासाठी वाटी पुढे केली. साडेबाराला मासवडी संपली. ऑर्डर पक्की झाली, दर शनिवारी, साठ प्लेटा.

मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही. भोसरी, नाशिक फाटा, सगळं तरंगत गेलं. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये लक्ष्मणराव आणि कुलदीप भेटले, तेव्हा मी त्यांना थांबवून सगळं ऐकवलं. यंत्रं खोटी असतात, म्हणालो. चोवीस वर्षं मी आकड्यांच्या मागे फुकट गेलो. बाईच्या हाताला जे कळतं ते जगातल्या कुठल्याही काट्याला कळणार नाही. एकशेवीस वड्या आणि एका ग्रॅमचा फरक नाही! बोलता बोलता माझा आवाज चांगलाच चढला होता. तनुजाही दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली.

कुलदीप गाडीच्या आरशाकडे बघत राहिला.

"भाऊ," लक्ष्मणराव अखेर म्हणाले, "वयनीनं काटा आमच्याच दुकानातनं न्हेलाय की."

"कधी?"

तनुजा म्हणाली, "तुम्ही बाबांना अचूकता विचारली ना काका, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"सेल मी घालून दिले," कुलदीप पुटपुटला.

"मग पंधरा दिवस मला सल्ले कशाला देत होता?"

"वयनीच म्हनल्या, त्यास्नी काय बोलू नका, रमल्यात," लक्ष्मणराव म्हणाले. "आमी कशाला बोलतोय?"

मी जिने चढून वर गेलो. दोनच मजले आहेत, पण दमलो. बाजरीच्या पिठाच्या डब्यामागे तो होता. पांढरा, प्लॅस्टिकचा, कुठल्याही तक्त्यात ज्याला शेवटचा नंबर मिळाला असता असा. त्याच्या कडांवर बेसन वाळलेलं होतं. मग एकेक आठवू लागलं. पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी मासवडी खात होतो. ती सराव करत होती, आणि माझ्या ताटात पडणारी प्रत्येक वडी अगदी सारखी होती. चोवीस वर्षांच्या तपासनिसाला ते दिसलं नव्हतं.

प्राजक्ता ओट्यापाशी पुढच्या शनिवारची यादी करत होती. मी काटा तिच्यासमोर ठेवला.

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

तिने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आधी तिला हसू आलं, मग ते थांबलं.

"सांगणार होते," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही ते तक्ते करत होता, बसमधून फोन करून विचारत होता, तुझी परात केवढी आहे, तुझा हात ओला असतो का. अहो, बावीस वर्षांत माझ्या कामासाठी तुम्ही पहिल्यांदाच एवढे धावत होता. मला बरं वाटत होतं. ते मोडवलं नाही मला."

खाली तनुजा दुकानाचं शटर वर ढकलत होती, त्याचा आवाज आला. बावीस वर्षांत मी काय काय मोजलं ते मला सांगता आलं असतं, पण ते तिने विचारलेलं नव्हतं. मग तिने फळीवरून खोबऱ्याच्या वाट्यांची पिशवी काढली, किसणी धुऊन माझ्या हातात दिली आणि स्टूल पुढे ओढलं. मी बसलो.

"किती किसू?" मी विचारलं.

"मी थांबा म्हणेपर्यंत."